येतो म्हण

मी बाई आहे आणि मी 'सांगतो' म्हणतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तुम्ही मधेच थांबवून विचाराल की हे कोण बोलतंय, बाई की बाप्या? आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात. मी जातो, मी येतो, मी भाकरी करतो. माझी आई तशी बोलायची, शाळेतल्या बाई तशा बोलायच्या. चर्चमध्ये उभ्या राहून साक्ष देणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा 'मी प्रभूला शरण आलो' असंच म्हणायच्या, आणि प्रभूला त्यात कधी काही खटकलं असेल असं मला वाटत नाही.

माझा नवरा सदानंद नगरचा. आम्ही दोघंही पिढीजात ख्रिस्ती. त्याच्या पणजोबांना अमेरिकन मिशनच्या साहेबानं शाळेत घातलं, माझ्या पणजीला मिशनच्या मडमेनं नर्स केलं. दोन्ही घरांत अमेरिकेचं नाव आजोळाचं घ्यावं तसं घेतलं जायचं. आमची ओळख झाली ती एका युवक शिबिरात. 'थांबा, मी चहा आणतो,' मी म्हटलं आणि हा पठ्ठ्या इतका हसला की हातातला बायबलांचा गठ्ठा पिशवीसकट खाली पडला. पुढं कितीतरी वेळा म्हणाला, तुझ्या त्या 'आणतो'वरच मी घसरलो. लग्नानंतर मला 'सुचित्राराव' म्हणायचा. "काय सुचित्राराव, आज काय बेत?" रिफायनरीतनं शिफ्ट संपवून आला की दारातनंच हाक. इथं अबू धाबीकडच्या रुवैसला आमच्या कंपनीच्या कॉलनीत भिंती पातळ. शेजारचा नूरुद्दीन रत्नागिरीचा, तोसुद्धा मला सुचित्राराव वहिनी म्हणायला लागला.

आमची ईशानी इथंच वाढली. शाळेत इंग्लिश, मैत्रिणींत इंग्लिश, बापाशी इंग्लिश. मराठी फक्त माझ्याशी, म्हणून तिची मराठी ती माझीच मराठी. "मम्मी, मी दमलो. मम्मी, मी नाही खाणार कारलं." शाळेला निघताना दारातनं ओरडायची, "मम्मी, मी येतो!" लहान असताना एकदा 'मी जातो' म्हणून निघाली, तर मी कणकेच्या हातानं जिना उतरून खाली पळालो. बस उभी, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करतोय, आणि मी तिला धरून म्हणतो, "येतो म्हण आधी. घरातनं निघताना जातो म्हणायचं नसतं रे राजा." तिनं म्हटलं तेव्हाच सोडलं. आणि हो, पोरीला मी 'रे' म्हणतो, 'राजा' म्हणतो. लाडात आल्यावर अख्ख्या महाराष्ट्रातल्या आया पोरीचा पोरगा करतात, मी काही जगावेगळं केलं नाही.

मग आमच्या घरात ब्रदर केल्विन आले. म्हणजे सदानंदच्या फोनमध्ये आले. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातले पाळक, पांढरी दाढी, गोड आवाज. सुरुवातीला मलाही आवडायचे. नवरा-बायकोनं रोज एक वेळ तरी बरोबर जेवावं, टेबलावर फोन नको, असलं सांगायचे. कोण नाही म्हणेल? मग हळूहळू विषय बदलला. तिकडच्या शाळांतल्या फॉर्मवर मुलगा-मुलगी सोडून आणखी काय काय रकाने आलेत, लायब्ररीत कुठली पुस्तकं ठेवलीत, मुलींच्या पोहण्याच्या शर्यतीत कोण उतरलं, कुठल्या बाथरूममध्ये कोण गेलं. सदानंद कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून तासन्‌तास ऐकायचा. शिफ्टच्या बसमध्ये ऐकायचा, भाजी निवडताना ऐकायचा. महिन्यातनं एकदा आम्ही मराठी उपासनेला अबू धाबीजवळ मुसाफ्फाला जातो, त्या लांबच्या रस्त्यावर सगळ्यांनी ऐकायचं.

एकदा मी फाडकन म्हटलं, "अहो, ज्या देशाचा व्हिसा तुमच्याकडं नाही, त्या देशातल्या शाळेच्या संडासाची काळजी तुम्हाला कशाला हो?"

हसला नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर गाडी बाजूला घेऊन हसला असता. "आज तिकडं आहे, उद्या आपल्या घरात येईल, सुचित्रा," म्हणाला. आता त्यातलं सगळंच चूक असं मी म्हणत नाही. मीही उपासनेतच लहानाची मोठी झालो, मलाही पुष्कळ गोष्टी पटत नाहीत. पण घराला आग लागली नसताना रोज बादली घेऊन धावणारा माणूस शेवटी आपलंच घर भिजवून ठेवतो, हे त्याला कोणी सांगावं?

त्यात ईशानीनं केस कापले. इथलं पाणी समुद्राचं गोड केलेलं, त्यानं केस गळतात, इथल्या कुठल्याही बाईला विचारा. वर ही पोर रोज पोहणारी. सगळ्या न्हाणीघरात केसांचे पुंजके. मीच म्हटलं, काप बाई एकदाचे. तिनं पार मानेपर्यंत कापले आणि सदानंद चार दिवस तिच्याकडं नुसता बघत राहिला.

आणि मग ती साक्ष ऐकली त्यानं. ब्रदर केल्विनच्या कार्यक्रमात कोणी एक बाप रडत सांगत होता की त्याची मुलगी त्याच्यापासून कशी तुटली. सुरुवात शब्दांपासून झाली, म्हणाला तो. तुमचं लेकरू स्वतःबद्दल कुठल्या शब्दांत बोलतं ते कान देऊन ऐका, तिथंच पहिली खूण मिळते. सदानंदनं ते मोठ्यानं लावलं होतं, मी कांदा चिरत होतो. तेवढ्यात दार उघडून ईशानी आत आली, खांद्यावर टॉवेल, ओले आखूड केस. "मम्मी, मी आलो! लई भूक लागली!"

सदानंदचा चहाचा कप तोंडापाशी तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"मी आलो."

"आले म्हण."

ती हसली. "पप्पा, सीरियसली?"

"आले म्हण!"

असा ओरडला की नूरुद्दीननं पलीकडनं भिंतीवर ठोकलं. ईशानीनं माझ्याकडं बघितलं, मी कांद्याकडं बघितलं. देवा, तेव्हाच सुरी खाली ठेवून बोलायला हवं होतं. मला वाटलं, शिफ्टचा शीण आहे, उतरेल.

उतरला नाही. जेवताना प्रत्येक वाक्याला तो टपून बसायचा. करतो नाही, करते. गेलो नाही, गेले. पोरगी घास हातात धरून बसायची. आठवड्याभरात ती मराठी बोलायचीच थांबली. "पास द डाळ, प्लीज." माझ्याशीसुद्धा! मी 'रे राजा' म्हटलं की सदानंद जीभ चावल्यासारखं तोंड करायचा. मला सुचित्राराव म्हणणंही बंद. उलट एक दिवस म्हणाला, "तू बिघडवलंस तिला. तुझ्या त्या बोलण्यानं."

"वीस वर्षं तुम्हाला तेच गोड लागत होतं!"

"तेव्हा मला कळत नव्हतं."

मला रडूच आलं. ज्या शब्दावर माणसानं जीव लावला, त्याच शब्दाला तो आता घाबरायला लागला होता.

ईशानीला मी एकदा सरळ विचारलं. कॉलनीच्या बीचवर नेलं, वाळूत बसवलं. "बाळा, तसं काही आहे का? असेल तर मला सांग. मी तुला काय टाकून देणार आहे का?"

"मम्मी, नो," ती म्हणाली. "आय जस्ट टॉक लाइक यू." मग वाळूत बोटानं रेघ ओढत, "असतं तर?"

"असतं तरी जेवायला हाक मीच मारणार. दुसरं कोण आहे तुला?"

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. समोर भरती येत होती. तिला त्या समुद्राचंच वेड. इथं उथळ पाण्यात समुद्रगाई येतात, गवत चरतात, त्यांच्यावर तिला शिकायचं होतं. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत तिला ॲडमिशन मिळाली तेव्हा सदानंदनंच पहिल्यांदा प्लांटवर पेढे वाटले होते. पणजोबांचं ऋण फिटलं म्हणत होता. आता त्यानं अट घातली. ब्रदर केल्विन तिच्याशी व्हिडिओवर बोलतील. त्यांचं चर्च युनिव्हर्सिटीच्याच गावाजवळ, त्यांच्या मंडळीतलं एक कुटुंब तिला ठेवून घ्यायला तयार आहे. ते हो म्हणाले तर अमेरिका. नाही म्हणाले तर नगर, सदानंदची बहीण ममता, आणि तिथं मुलींसाठी चालणारं वर्षभराचं बायबल ट्रेनिंग. पासपोर्ट त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात, आणि इथं राहायचा व्हिसाही आम्हा दोघींचा त्याच्याच नावावर.

"आणि तू ब्रदरसमोर प्रार्थना करायचीस," तो ईशानीला म्हणाला. "मराठीत. ब्रदर म्हणतात, माणूस मातृभाषेतच मनापासून प्रार्थना करतो." वाक्यही त्यानंच ठरवून दिलं. प्रभू, तू मला मुलगी म्हणून घडवलंस म्हणून मी तुझे आभार मानते.

एवढंच वाक्य. एका वाक्यावर पोरीचं सगळं आयुष्य टांगलं होतं.

मी तिची तयारी करून घेतली. त्या दुपारी स्वयंपाकघरात दार लावून बसलो दोघी. "म्हण," मी म्हटलं, "मी तुझे आभार मानतो."

"मम्मी!"

"अगं बाई! मानते. मानते म्हण."

"मी तुझे आभार मानते. मी पोळी करते. मी पोहायला जाते."

"बघ, मी किती छान शिकवतो."

"शिकवते!" ती ओरडली, आणि आम्ही दोघी फरशीवर बसून पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडातनं मराठी ऐकत होतो मी. तिनं बॉलपेननं डाव्या तळहातावर मोठं 'ते' लिहिलं. "नाऊ आय वोन्ट फर्गेट," म्हणाली. मी तिच्या ओठांवरचा घाम पुसला आणि मनात म्हटलं, प्रभू, एवढा एक घास गिळू दे.

संध्याकाळी लॅपटॉप लावला. तिकडं सकाळ. ब्रदर केल्विन चेक्सचा शर्ट घालून बसलेले, मागं घरातली मुलं नाश्ता करतायत, कोणीतरी कुत्र्याला ओरडतंय. खोटं कशाला बोलू, माणूस चांगला होता. ईशानीला समुद्रगाईंबद्दल विचारलं, तिनं भराभरा सांगितलं, ते मनापासून हसले. इथल्या उन्हाळ्याबद्दल विचारलं. मला धीर आला. सदानंदचाही चेहरा सैल झाला होता, त्यानं टेबलाखालनं माझा हात धरला. मग ब्रदर म्हणाले, बेटा, आता तुझ्या भाषेत प्रार्थना कर.

ईशानीनं तळहाताकडं एकदा बघून घेतलं. आणि मग प्रार्थनेला करतात तसं तिनं केलं. डोळे मिटले आणि हात जोडले.

'ते' आत गेलं. दोन्ही तळव्यांच्या मधे.

"प्रभू," ती म्हणाली, आणि आवाज असा शांत, असा माझ्या आईसारखा की माझ्या अंगावर काटा आला. "तू मला मुलगी म्हणून घडवलंस, म्हणून मी तुझे आभार मानतो."

तिला कळलंसुद्धा नाही. ती मनापासून बोलली होती ना, मग तिच्या मनात जी भाषा होती ती आली. सदानंदचा हात माझ्या हातातनं सुटला.

"आमेन," ब्रदर केल्विन म्हणाले. "सुंदर. काय म्हणाली ती?"

सदानंदनं इंग्रजीत सांगितलं. सांगताना वाक्य सरळच झालं, कारण इंग्रजीत 'मानतो' काय आणि 'मानते' काय, सगळं एकच. ब्रदरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर प्रार्थना कितीतरी दिवसांत ऐकली नाही, म्हणाले. झालं! मला वाटलं, झालं, सुटलो आपण!

"नो, ब्रदर," सदानंद म्हणाला. चेहरा पांढराफटक. "यू डोन्ट अंडरस्टँड. आमच्या भाषेत ती हे पुरुषासारखं बोलली."

ब्रदरना काही समजेना. सदानंद समजावायला लागला, ईशानी "पप्पा, प्लीज" म्हणत होती, आणि मला राहवलं नाही. मी लॅपटॉपसमोर घुसलो. मी इथल्या हॉस्पिटलात नोकरी करतो, माझं इंग्लिश तिथलंच, पेशंटशी बोलण्याइतकं. मी म्हटलं, "ब्रदर, नो प्रॉब्लेम! इन माय प्लेस, ऑल लेडीज स्पीक लाइक जेंट्स!"

ते माझ्याकडं बघत राहिले. "ऑल?"

"यस, यस! मी ऑल्सो. माय मदर ऑल्सो. ग्रँडमदर ऑल्सो. फुल फॅमिली!"

बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलत गेलेला मला दिसला. रागावले नाहीत ते. रागावले असते तरी चाललं असतं. त्यांना आमची कीव आली. मागं वळून त्यांनी आपल्या मुलांकडं एकदा बघितलं. मग सावकाश म्हणाले की ज्या कुटुंबात ईशानी राहणार आहे त्यांच्या मुली लहान आहेत, त्यांनाही जपायला हवं. एक वर्ष घरच्या माणसांत काढलं तर बरं. सदानंदला म्हणाले, "ब्रदर, तुमच्या घराचे प्रमुख तुम्ही आहात. तुमची भाषा तुम्हाला कळते, मला नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

स्क्रीन काळी झाली. ईशानी तळहात उघडून बघत होती. 'ते' घामानं फिसकटलं होतं.

मग मी जे नाही ते केलं. भांडलो. शिव्या दिल्या. "अहो, तो माणूस सुंदर म्हणाला होता! त्याला पटलं होतं! तुम्ही कशाला तोंड घातलंत?"

"त्याला मराठी येत नाही. मला येते."

"तुम्हाला मराठी येते? मग माझी मराठी काय आज पहिल्यांदा ऐकलीत?"

तो पलंगावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मला ती हवीय, सुचित्रा. मला ती गमवायची नाहीय. तू त्या बापाला ऐकलं नाहीस. त्याची पोरगी त्याला फोन करत नाही." मी त्याच्यासमोर हात जोडले. लग्नात जोडले नव्हते, तेव्हा जोडले. त्यानं ते हळूच बाजूला केले. ममताताईंना फोन झाला, तिकीट निघालं. युनिव्हर्सिटीला नाही म्हणून कळवलं ते ईशानीनं स्वतः, एका ओळीत.

शेवटी मी काय केलं सांगू? बोलणं बदललं. जन्मभराची जीभ वळवली. वाटलं, मी सुधारलो तर पोरगी वाचेल. सकाळी तो शिफ्टला निघताना मी म्हटलं, "थांबा, मी चहा आणते." त्यानं वळून बघितलं. घरात कोणी परकी बाई उभी असावी तसं बघितलं. त्याचे ओठ थरथरले, मला वाटलं आता म्हणेल, सुचित्राराव. चहा न पिताच गेला. आणि तिकीटही रद्द झालं नाही.

अबू धाबीच्या एअरपोर्टला तोच गाडी चालवत होता. कानात काही घातलं नव्हतं. बॅग त्यानंच ढकलली, डब्यातल्या चकल्या फुटणार नाहीत ना म्हणून दोनदा विचारलं, ममताआत्याचं ऐक म्हणाला, रोज फोन कर म्हणाला. ईशानी मान हलवत होती. मी तिच्या आखूड केसांवरनं हात फिरवला, तिनं फिरवू दिला. पासपोर्ट आता तिच्या हातात होता.

"मम्मी," ती म्हणाली. मराठीत. त्या प्रार्थनेनंतर पहिल्यांदाच. "मी जाते."

स्वच्छ. कुठं चूक नाही. सदानंदला हवं होतं अगदी तसं.

सदानंद एकदम पुढं झाला. "अगं, जाते नाही म्हणू बाळा. येते म्हणायचं. येते म्हण."

"बट इट्स करेक्ट, ना, पप्पा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. बॅग घेऊन ती रांगेत शिरली.

"ईशू! येते म्हण ना एकदा!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. दारावरचा गार्ड 'खलास, बस्स सर, तिकीटवाल्यांनाच आत' म्हणून त्याला अडवत होता. तो गार्डच्या खांद्यावरनं वाकून बघत होता, तिचं डोकं शोधत होता. "येतो म्हण!" तो ओरडला. "अरे राजा, येतो म्हण रे! तुझ्या मम्मीसारखं म्हण! येतो म्हण!"

ती वळली नाही. काचेचं दार मिटलं, तरी तो तेच म्हणत राहिला. मी त्याला धरलं नाही.